अर्ध्या स्वराचा फरक

१४ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. वहिनीचा गुडघा कसा आहे? आई बरी आहे, फक्त गोळ्या उशीखाली लपवते आणि घेतल्या म्हणून सांगते.

तुझं खोकं परवा मिळालं. वायरी, पेन ड्राइव्हचा डबा, सगळं नीट आलं. वर हेडफोन आणि तुझी चिठ्ठी: "माझा कान गेला, तुझा शाबूत आहे. वापर." मी ते अजून डोक्याला लावलेले नाहीत.

रविवारी दुपारी एका जुन्या गोदामात डीजे म्हणून वाजवलं. शंभरेक माणसं होती. टेक्नो म्हणजे नुसती धडधड, असं कुणी म्हणालं की तू कीबोर्डवर बोट ठेवून दाखवायचास, खालच्या बासच्या सुरालाही पट्टी असते. एक ट्रॅक काळी एकचा आणि दुसरा शेजारच्या पांढरीचा असेल, तर ठेका कितीही जुळवा, ऐकणाऱ्याचे दात आंबतात. रविवारी मी दोन ट्रॅक चार मिनिटं एकमेकांत ठेवले. एक कुठे संपला नि दुसरा कुठे लागला, कुणाला कळलं नाही. मला रडू फुटलं. लोकांना वाटलं, रंगात आलीय.

हे एवढं लिहितेय, कारण जे लिहायचं ते टाळतेय.

मार्चमधली तालीम आठव. दुपारची वेळ, रिकाम्या हॉलमध्ये आपण दोघंच. उजव्या कानाला हेडफोन लावून तू पुढचा ट्रॅक ऐकत होतास, डावा कान स्पीकरकडे. मिक्सिंगच्या मशीनच्या पडद्यावर पट्टी लिहून येते, पण तिकडे तू कधी बघितलं नाहीस. तुझा भरवसा कानावर. उजव्या कानाला उतरलेला वाटला असेल, म्हणून तू नवा ट्रॅक अर्ध्या स्वराने चढवलास आणि चालू ट्रॅकमध्ये सोडलास. दादा, इतकं बेसूर तुझ्या हातून मी कधी ऐकलं नव्हतं.

कपाळाला आठ्या घालून तू विचारलंस, "बारके, कालपासून कानात दडे बसल्यासारखं झालंय. हे नीट लागलंय ना?"

मी म्हणाले, "झकास लागलंय. सर्दी असेल तुला."

खरं बोलले असते तर दुसऱ्याच दिवशी तू डॉक्टरकडे गेला असतास. आणि त्या शनिवारचा आपल्या दोघांचा कार्यक्रम रद्द झाला असता. पोस्टरवर पहिल्यांदाच तुझ्या नावाखाली माझं नाव होतं.

शनिवारी तुझी नजर चुकवून मी दर वेळी पट्टीचं बटण मूळ जागी आणत राहिले. कार्यक्रम झाला की सांगू, असं ठरवलं होतं. मग दुसरा कार्यक्रम आला, मग तिसरा. आणि लाज वाटते, तरी लिहिते: मला बरं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा तुझं चुकत होतं आणि माझं बरोबर होतं.

मेमध्ये तो उजवा कान पुरता गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिल्या पंधरवड्यात आला असतात, तर कदाचित वाचवता आला असता." त्यावर तू म्हणालास, "सर्दी वाटली हो. बहिणीला विचारलंही होतं, तिचा कान फार तयार आहे." हे सांगताना माझ्या खांद्यावर हात ठेवला होतास. मी फरशी बघत राहिले.

काल वहिनीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी त्यांना सांगणार नाही. तूच सांग, आणि लिहून सांग. समोर आलीस तर ते तुलाच सावरत बसतील." जेवलीस का, हेही न विचारता तिने फोन ठेवला.

मी माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पत्र दोनदा वाच, मग काय ते ठरव. खोकं परत मागितलंस तर दुसऱ्या दिवशी पाठवीन.

एवढं मात्र ऐक. मोठ्या आवाजात उभा राहून मीच कान घालवला, असं तू सगळ्यांना सांगत असतोस. ते थांबव. तू वेळेवर विचारलं होतंस.

अजून तसं म्हणू देत असशील तर,
तुझी
बारकी