चौथ्या मिनिटानंतर आई

तळोद्याजवळचा आमचा पाडा,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय भाग्येश,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. पुण्यात तू आणि तुझा बँड मजेत असाल. फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून पत्र लिहीत आहे. आधी कच्चे लिहून मग पक्के केले आहे, तरी चूक राहिली असेल तर राग मानू नकोस. नववीनंतर तू पुढे गेलास, मी थांबलो.

तू दोन गोष्टी विचारल्यास. गाण्यात माझी आई आमच्या बोलीत जी ओळ म्हणते तिचा अर्थ काय, आणि नंदुरबारच्या कार्यक्रमात ती स्टेजवर येईल का.

गाणे मी नीट ऐकले. आधी तुझी गिटार, मग तबला, मग आमचा ढोल, मग चर्चमध्ये वाजते तशी पेटी. इतके वेगवेगळे, तरी कुठे तुटत नाही. चौथ्या मिनिटानंतर सगळे थांबते आणि एकटी आई. मग तीच ओळ पुन्हा पुन्हा, खाली ड्रम.

खापरला एका लग्नात डीजेने नेमका तेवढाच भाग लावला. पोरे नाचली. एक जण ओरडला, "रूपलीकाकी, तू तर हिट झालीस!" आई भरल्या ताटावरून उठली.

ते गाणे नाही, हे तुला माहीत आहे. निशा गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तू भेटायला आलास, भिंतीला टेकून बसलास. आई निशाची गोधडी मांडीवर घेऊन रडत होती. तू फोन जमिनीवर उलटा ठेवलास. मला वाटले, मान राखलास.

आता अर्थ. "ऊठ निशा, जीप आली." एवढाच आहे.

पाड्यावर जीप एकच, छगनची. त्या दिवशी ती तुम्ही शूटिंगला धबधब्यावर नेली होती. निशाला कळा सुरू झाल्या, रक्त थांबेना. रेंजसाठी मी टेकडीवर चढलो आणि तुला फोन लावला. तू म्हणालास, "एकच टेक ऱ्हायना भो, मंग धाडी देस." त्या एका टेकसाठी जीप थांबली. मागे ढोल वाजत होता. गाण्यातला ढोल तोच आहे. मी ओळखला. टेक चांगला आला आहे.

जीप दिवेलागणीला आली. आई निशाला हलवत राहिली. बाळ तिच्याजवळच मातीत ठेवले.

स्टेजचे आईला विचारले. मला वाटले, नको म्हणेल. ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "येते म्हणून लिही. ओळ तीच म्हणेन. निशाच्या जागी नाव तेवढं त्याचं घेईन."

न्यायला जीप पाठव. या वेळी उशीर करू नकोस.

निशाचा भाऊ,
वीरसिंग