झिजलेल्या पुतळीचा भाव

ती. जनीबाय हिला धाकट्या देवरामचा पाया पडून नमस्कार, दाजींनाही तसाच.

इकडे मुरबाडला आम्ही सगळे धड आहोत. सोनालीची (तुझी भावजय, विसरली नसशील) भाताच्या झोडणीत धरलेली कंबर आता सुटली. तुझ्या गुडघ्यांचं कळव. फोनवरच विचारलं असतं, पण माझा आवाज ऐकला की तू फोन दाजींच्या हातात देतेस आणि दाजी 'बरं, बरं' म्हणून ठेवून देतात. म्हणून हा कागद शेजारच्या कोंडूच्या हाती आटगावला धाडतोय. वाचल्याशिवाय चुलीत घालू नकोस. (तुझ्याकडे गॅस आला तरी मी चूलच म्हणणार.)

दाजींचा निरोप पोचला. सोनं उतरलंय, तर देवरामनं त्याच्याकडची सोन्याची पुतळी आजच्या भावानं आम्हाला विकावी, आमच्या लेकीची, समीक्षाची पुतळ्यांची माळ आम्ही सोनाराकडून पुरी करून घेऊ. निरोप ऐकला आणि ताटावरून उठलो. अगं, आपल्या घरात हळदीच्या दिवशी नवरीच्या माळेतली शेवटची पुतळी मामा ओवतो. तुझ्या वेळी वाळूमामानं ओवली. दोरा भोकात जाईना, सगळा मांडव जेवायचा खोळंबला, पण कुणाची बिशाद नव्हती त्याच्या हातून ती घ्यायची. आईनं जाताना तिच्या गळ्यातली माळ तुला दिली आणि एक पुतळी काढून माझ्या मुठीत ठेवली ती याचसाठी. आता सोनार ओवणार म्हणजे मामाला बोलावणं नाही, एवढं मला कळतं. गणपतीत मी दाजींच्या नव्या घराच्या जिन्याला कसारा घाट म्हणालो आणि पुन्हा चढणार नाय म्हणालो, त्याचं हे फळ. (जिना उभा आहे, बाय. मी काय करू?)

तरी म्हटलं, लग्नाच्या तोंडावर तंटा नको. तुला बाजारातली नवी पुतळी घेऊन द्यावी, आईची माझ्याकडे राहील. नमुन्याला आईची रुमालात बांधली आणि किन्हवलीवरून एसटीनं शहापूर गाठलं. पेठेत शेखरशेटचं दुकान आहे. माणूस गोड, पाणी विचारतो. पण पुतळीचा भाव सांगितला तो सोनं पडायच्या आधीचा. मी म्हटलं, शेट, टीव्हीवर सोनं रोज घसरतंय, तुमच्याकडे ते पोचलं नाय का? तर म्हणाला, माल चढ्या भावात भरलाय, तो मी पडेल भावात दिला तर खाणार काय? हेही पटण्यासारखं आहे. पण मग वाढतं तेव्हा दुपारी वाढलं की दुपारीच कसा वाढवता, तेव्हा तर माल स्वस्तातला असतो? त्यावर म्हणाला, पुढचा माल महाग भरावा लागणार ना! म्हणजे चढताना हा उद्याचा हिशेब धरतो आणि उतरताना कालचा. आज म्हणून काही त्याच्या दुकानात नसतंच. शिवाय भाव पडला की तुझ्यामाझ्यासारखे सगळे एकदम घ्यायला धावतात, आणि जुनं मोडायला कुणीच येत नाही, ज्याचं त्याचं डब्यात. पुतळ्या संपत येतात, मग तो कशाला खाली येईल? एवढं समजावून त्यानं चहा मागवला. (बिनसाखरेचा. साखर त्याला आहे, मला नाही.)

चहा पिता पिता मी नमुना दाखवायला रुमाल सोडला, तर शेट समजला मी विकायला आलोय. आणि काय सांगू, जो भाव तासभर हलत नव्हता तो पटकन खाली आला! घ्यायला बसला तेव्हा आजचंच सोनं, आजचाच भाव. पुतळी काट्यावर टाकली, उलटसुलट केली आणि म्हणाला, हिची एक बाजू पार झिजली आहे, तेवढी घट धरावी लागेल.

बाय, ती झीज तुला ठाऊक आहे. बाबा यायला उशीर झाला की आई ओटीवर बसून गळ्यातली तीच पुतळी अंगठ्यानं चोळत बसायची. आपण दोघं तिच्या मांडीशी. तुझा ताप उतरत नव्हता त्या पावसाळ्यात तर तिनं ती रात्रंदिवस चोळली. शेट त्याच झिजेचे पैसे कापत होता. मी एवढंच म्हणालो, "शेट, जी घट तुमी धरताय ना, तीच आमची आई हाय." चहा अर्धा टाकला आणि उठलो. येताना मुरबाडच्या पेठेत विचारलं, तिथंही तीच तऱ्हा, वर पाणीसुद्धा नाही.

तेव्हा नवी पुतळी काही मिळाली नाही. शेटवर मी रागावलोय, असा आडमुठा माणूस मी पाहिला नाही. समीक्षाला आशीर्वाद.

तुझा भाऊ,
देवराम

ता. क. : दाजींच्या आजच्या भावाचं उत्तर राहिलं. आईची पुतळी मी विकतोय. भाव एकच, हळदीच्या पाटाशेजारी मामाचा पाट, आणि दोरा माझ्या हातात. सोनं कितीही पडू दे, यातलं काही कमी होणार नाय. माझाही माल फार चढ्या भावात भरलेला आहे.

ता. क. : जिन्याचं म्हणशील तर थोडं उतरतो. उभा आहे, पण मधे एकदा बसलं तर चढवतं. बसायला काहीतरी ठेव.