धोंड्याच्या जेवणानंतर

सोमवार, २४ मे १९९९

ह्यांचे पाय गेले! सकाळी हाक मारली, "छाया, मला उठवतच नाहीये." मला वाटलं, थट्टा. शनिवारी एकलहऱ्याला थर्मल वीजकेंद्रात डबल ड्युटी, काल निफाडला माझ्या माहेरी अधिक महिन्याचं जावयाचं जेवण — सुस्तावले असतील. पांघरूण ओढलं तर पाय तसेच. हातही उचलेनात. शेजाऱ्यांनी चादरीत घालून रिक्षात ठेवलं.

हॉस्पिटलच्या पायरीवर सासूबाईंचा पहिला प्रश्न — "तुझ्या आईनं काय खाऊ घातलं गं माझ्या लेकराला?"

पुरणाचे धोंडे आणि तूप. जावयाला घालतात तेच. दुसरं काय घालणार!

मंगळवार, २५ मे

रक्तातलं पोटॅशियम एकदम उतरलं होतं म्हणे. बाटल्या लावल्यावर संध्याकाळी पायाचा अंगठा हलला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. काही माणसांचा पिंडच असा असतो — अंगमेहनत, त्यावर गोडाचं भरपेट जेवण, मग झोप, की असं होतं. विषबिष काही नाही. "पण पुन्हा होऊ देऊ नका. छातीवर आलं तर अवघड आहे."

सासूबाईंना सांगितलं. "डॉक्टरला काय कळतंय! खाण्यातून घातलेलं हाय ते. मला नको शिकवू."

शुक्रवार, २८ मे

घरी आलो. हे स्वतःच्या पायांनी जिना चढले. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. मग सासूबाईंनी शपथ घातली — निफाडचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, सुनेनंही तिथला उंबरा चढायचा नाही. ह्यांनी मान हलवली. पाय गेले होते तेव्हाही मान हलत होती म्हणा!

मी भांडले नाही. भांडायला आधी राग यावा लागतो.

बुधवार, २ जून

शेजारी आईचा फोन आला. सासूबाईच गेल्या घ्यायला. "छाया घरी नाय." मी ओट्याशी भाकरी थापत होते.

गुरुवार, १७ जून

महेश आला, माझा भाऊ. त्याच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन. सासूबाईंनी दारातच उभं केलं. त्यानं आणलेली आंब्यांची पाटी उचलून रस्त्यावरच्या गायीपुढे ओतली. ह्यांनी पेपर वाचला. सगळा.

जाताना जिन्यात म्हणाला, "ताई, आई चुलीपाशी जात नाही आता. म्हणते, ‘माझ्या हातालाच दोष लागलाय.’ माझ्या लग्नाचे लाडू वळायलासुद्धा बसणार नाही."

कुणाचंही कार्य निघालं की अख्ख्या गल्लीचं पुरण जिच्याकडे असतं, ती! रडू येईल असं वाटलं. आलं नाही. डाळ शिजत टाकली.

रविवार, २७ जून

आज महेशचं लग्न. मी इथे. सासूबाईंनी नेमका आजच नवस फेडायचा काढला — लेक चालायला लागला म्हणून देवीला पुरणपोळीचा नैवेद्य. "ह्यांना गोड बेतानं वाढू या आई, डॉक्टर म्हणालेत." पुन्हा एकदा सांगून पाहिलं.

"आईच्या हातचं कधी बाधत नाय. तुमच्या निफाडचं नाय हे!"

हे डबल ड्युटी करून आले होते. भुकेले. पोटभर जेवले. आता घोरताहेत. तिकडे अक्षता पडल्या असतील.

सोमवार, २८ जून

पुन्हा तेच हॉस्पिटल. बाटली लावली आहे. श्वास बरा आहे म्हणाले. सासूबाई बाकावर बसल्यात.

काल ह्यांनी ताटावर हात आडवा धरला होता, माझ्याकडे बघून. तो हात मी बाजूला केला आणि आणखी पोळी वाढली. वर तूप. पहाटे "छाया, छाया" ऐकू येत होतं. मी जागीच होते. आधी त्यांच्या आईनं बघावं म्हणून पडून राहिले.