माझ्या अंगावरचं शेवटचं लुगडं कोणी आणायचं

आई एकवीरेला नमस्कार करून, मी श्रीमती इंदिरा गोपाळकृष्ण वाघोले, वय ७३, शिक्षण जुनी मॅट्रिक, काम घरचं, राहणार घोरावाडी स्टेशनजवळ, तळेगाव दाभाडे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. मला भरीस घालणारा अजून जन्मायचाय, असं माझे यजमान म्हणायचे.

मला मूलबाळ नाही. मृत्युपत्र केलं नाही तर कायद्याने सगळं यजमानांच्या नात्यात जातं, असं वकिलांनी सांगितलं. तिकडे जायला माझी हरकत नाही. फक्त कोणाकडे आणि कोणत्या अटीवर, हे मी ठरवणार.

१. घर. दोन खोल्या, मोरी आणि पुढचं अंगण माझ्या नावावर आहे. ते माझा पुतण्या प्रदीप याला न देता त्याचा मुलगा श्रीयश याला द्यावं. मृत्युपत्र अमलात आणण्याचं कामही श्रीयशनेच करावं. अट कलम ४ मध्ये आहे.

२. पोस्टातली ठेव. तीतून माझं दिवसकार्य उरकावं. तेराव्याला जिलबी नको, लापशी पुरे. जेवायला येणारे माझ्यासाठी येतात की जिलबीसाठी, हे मला इतरांच्या तेराव्यांवरून ठाऊक आहे. उरेल ते लोणावळ्याच्या माझ्या मावसबहिणीला, सुषमाला द्यावं.

३. देव्हारा देवांसकट सुषमाला. ती पूजा चुकवत नाही. पुरणयंत्र प्रदीपची बायको उज्ज्वला हिला. त्याची जाळी आठ वर्षांपासून तिच्याकडेच आहे, आता बाकीचंही न्यावं.

४. माझ्या अंगावर माहेरचं लुगडं महिपती केदारी, राहणार भाजे, यानेच घालावं.

श्रीयश, तू मागे मला विचारलंस, "आजी, चुलत काय अन् आते काय, कझिन तो कझिनच ना?" नव्हे रे बाबा. वडिलांच्या भावाची मुलं ती चुलत. ती आपल्याच आडनावाची, त्यांचं सुतक आपल्याला. आईच्या बहिणीची मुलं मावस. आडनाव वेगळं, पण धरायची सख्खी भावंडंच. आईच्या भावाची ती मामे आणि वडिलांच्या बहिणीची ती आते. महिपती माझ्या आत्याचा मुलगा, म्हणून तो माझा आतेभाऊ आणि मी त्याची मामेबहीण. आमच्यात चुलत-मावस भावंडांत सोयरीक होत नाही, पण आत्या आपल्या भाचीला सून करून नेऊ शकते. सगळी गोम इथे आहे.

मी सात वर्षांची असताना आत्या भाऊबीजेला इंदुरीला, माझ्या माहेरी आली. तिने माझ्या वडिलांना ओवाळलं. महिपतीला बहीण नव्हती. आपल्याला कोणीच ओवाळत नाही म्हणून तो रडायला लागला. मी ताट उचललं आणि त्याला ओवाळलं. आत्या ओरडली, "अगं भवाने, ह्यो तुझा भाऊ न्हाई, नवरा हाय!" बायका हसून हसून लोळल्या. महिपतीने खिशातली गोटी ओवाळणी म्हणून ताटात टाकली.

पुढे मी मॅट्रिक झाल्यावर आत्या खरंच मागणं घेऊन आली. वडील म्हणाले, "अक्का, पोरीनं ओवाळलंय त्येला. ओवाळल्याला नवरा कसा करायचा?" आत्या दोन वर्षं बोलत नव्हती. मला इथे दिलं, ते चांगलंच झालं. त्यानंतर एकही भाऊबीज महिपतीने चुकवली नाही.

मला सख्खा भाऊ नाही, म्हणून यजमानांच्या तेराव्याला माहेरच्या दुखवट्याचं लुगडं आणायचा मान माझा चुलतभाऊ भिकाजी काशीद याचा. तो पाय मोडून पडला होता, म्हणून महिपती लुगडं घेऊन आला. प्रदीपने चारचौघांत त्याला अडवलं. "पाव्हणं, तुम्ही केदारी, काकूचं माहेर काशीदांचं. अन् जिला बायको करून न्यायचं चाललं होतं, तिला भाऊ म्हणून लुगडं द्यायचं, बरं दिसतं का?"

महिपती म्हणाला, "व्हय, चुकलं आमचं." लुगडं पुन्हा पिशवीत घातलं आणि न जेवता मळवलीची गाडी पकडली. मी आतल्या खोलीत होते, सगळं ऐकलं. घरात दुःख होतं, म्हणून तेव्हा बोलले नाही.

प्रदीप, आडनावाचं तू बोललास ते बरोबर आहे. दुसरं जे बोललास ते खोटं आहे. ज्याला ओवाळलं तो भाऊ, त्यात नवरेपण उरत नाही. हे माझ्या वडिलांनी ठरवलं, आत्याने सोसलं आणि आम्ही दोघांनी जन्मभर पाळलं. मी मेल्यावर माझ्या अंगावरून तसलं कोणी बोलू नये, म्हणून हे कलम.

महिपती माझ्याआधी गेला, तर त्याच्या घरचं कोणीही लुगडं आणावं. सुती, स्वस्तातलं आणावं, जळायचंच आहे. महिपतीला किंवा त्यांना कोणी अडवलं, तर घर श्रीयशला न जाता विकावं आणि पैसे भाज्याच्या शाळेला द्यावेत. श्रीयश, म्हणून बापाला आवरायचं काम तुझं.

५. भिकाजीला मी यात काहीच ठेवलेलं नाही. राग म्हणून नव्हे. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले. लुगड्याचा मान त्याचा आहे, म्हणून मला त्याची सहीच हवी होती. त्याला विचारलं, तर म्हणाला, "मला भांडी नकोत, इंदे. कागद हिकडं आण."

हे सर्व मी वाचून पाहिलं, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

इंदिरा गोपाळकृष्ण वाघोले
तळेगाव दाभाडे, ता. मावळ, जि. पुणे
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार :

१) डॉ. शुभदा गराडे, तळेगाव दाभाडे. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत.

२) भिकाजी सखाराम काशीद, इंदुरी. माझ्यासमोर सही केली. चुलतभाऊ म्हणून लुगड्याचा मान माझा, तो मी राजीखुशीनं महिपतीला दिला आहे. त्यानं पुढं व्हावं. मी त्याच्या शेजारी उभा राहीन.