गळ्यातला पेनड्राइव्ह

प्रिय खटपटे,

अक्षर वेडंवाकडं आहे, लावून घे. माझी शाळा तिसरीतच सुटली, तुझ्यासारखी नापास व्हायची संधी मिळाली नाही. परीक्षा गेली, आणि आता कॉम्प्युटरचं कॉलेज सोडून घरी यायचं म्हणतेस, हे कळलं. त्याचं बघू. आधी दुकानाची खबर ऐक.

तुझा डबा, तो जुना कॉम्प्युटर, अजून चालतोय. त्याची आतली डिस्क मेली तेव्हा तुझ्या बापाने तो भंगारात द्यायला उचललाच होता. तू आडवी आलीस, बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर एक हलकीशी सिस्टीम भरलीस आणि म्हणालीस, आजी, याला डिस्क लागत नाही, हा यावरूनच उठेल. उठला की! तेव्हापासून भरतकामाच्या मशीनची सगळी नक्षी मी त्याच्यावरच काढते. बाप म्हणाला होता, चार दिवस टिकलं तर नशीब. मधल्या काळात त्याचाच नवाकोरा लॅपटॉप दोनदा दुरुस्तीला गेला. मी टोचून बोलत नाही. येता-जाता एवढंच विचारते, आला का रे माहेराहून?

दुकान उघडलं की पेनड्राइव्ह लावते. डबा उठला की काढून गळ्यात घालते, कात्रीच्या नाडीतच ओवलाय. सगळी सिस्टीम एकदा डब्याच्या डोक्यात चढली की याची गरज नाही, हे तूच शिकवलंस. शेजारचा कुलूपवाला म्हणतो, कॉम्प्युटरची किल्ली गळ्यात घालून फिरणारी बाई पहिल्यांदाच बघतोय. म्हटलं, बघून घे, अशी नात तुझ्या घरात नाही.

मात्र बंद करताना तो परत लावायचा, नाहीतर दिवसभराचं काम डबा विसरतो, हेही तू बजावलं होतंस. परवा मीच विसरले. पोहण्याच्या क्लबच्या कोटांवर मासा हवा होता. खवला खवला जोडत दिवसभर बसले आणि पेनड्राइव्ह गळ्यात ठेवून खुशाल डबा बंद केला. सकाळी बघते तर पाटी कोरी. बाप लगेच सुरू, तरी सांगत होतो, नवा घे! त्याला चहा टाकायला पिटाळलं आणि दुसरा मासा काढायला बसले. पहिला टोपलीत पडल्यासारखा दिसत होता, हा पोहतो. क्लबवाल्या बाईंनी टोप्यांवरही हाच मागितलाय. आता शेपटाचा टाका मी झोपेतही चुकणार नाही.

आता खरं सांगते. हे पत्र तुझ्या बापाने लिहायला बसवलंय. त्याच्या ऑफिसात तुझ्यासाठी एक खुर्ची बघून ठेवलीय. म्हणतो, आई, ती तुझंच ऐकते, तिला परत बोलाव. त्याची माया खोटी नाही, फक्त दम कमी पडतो. तर ऐक माझं: येऊ नकोस. परीक्षा पुन्हा दे. माझाही पहिला मासा गेलाच होता. तुझ्या पलंगावर मी कापडाचे तागे रचलेत, तुला झोपायला जागाच नाही. पास होऊन ये, तेव्हा हलवीन. पाकीट नीट चिकटवतेय. टपालात टाकायला तोच निघालाय, बिचारा फार खुशीत आहे.

तुझीच,
न बोलावणारी आजी