जेटमधली फुंकर

३ मार्च

आलो बाबा एकदाचे! टेम्पोवाल्यानं सामान उतरवलं, आणि आमची ही गॅरेजवरच्या खोलीत शिरल्या शिरल्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. दोन खिडक्या, ओटा, स्वतंत्र न्हाणीघर. लग्नापासून बिचारीनं माझ्या भावाच्या घरात पडद्याआड संसार केला. आता वहिनीची कुरकुर नाही, काही नाही. गुणगुणत डबे लावतेय. धड एक गाणं पाठ नाही, पण एकच चाल दिवसभर दळत असते.

खाली मालकांची जुनी गाडी. काळी, लांबलचक, पुढे गोल दिवे. बघूनच माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मालक म्हातारे, एकटे, बोलायला गोड. मी त्यांना काका म्हणतो, ते मला मिस्त्री. त्यांची बायको गेली तेव्हापासून ही गाडी चालू होत नाही म्हणे. ती चालू करायची आणि मग इथंच राहून त्यांच्या बाकीच्या गाड्या सांभाळायच्या, असं ठरलंय. चार दिवसांत पळवतो, असं मी छाती ठोकून सांगून बसलोय.

५ मार्च

सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. प्लग काढून पाहिले, ठिणगी निळी, झकास. ठिणगी पाडणारे पॉइंट घासले. टाकी धुऊन नवं पेट्रोल भरलं, पंप ते वर चढवतोय. तरी इंजिन ढिम्म! ठिणगी आहे, पेट्रोल आहे, आता काय हात जोडू त्याच्यापुढे? माझं डोकं तापलं, पाना आपटला. काका खुर्ची टाकून शांतपणे बघत होते. म्हणाले, कार्बोरेटर उघडा मिस्त्री, तिथंच अडलंय.

६ मार्च

उघडला. आतला जेट, म्हणजे सुईएवढ्या भोकाचा पितळी तुकडा, पार चोंदलेला. त्यात तार घालायची नाही, भोक मोठं होतं. तोंडानं फुंकायचा, हे मला उस्तादानं कानाला धरून शिकवलंय. पण माझी दाढ नुकतीच काढलेली, डॉक्टरनं फुंकायला मनाई केलीय. इथं हवा मारायचं मशीनही नाही. वर नेला. ही म्हणाली, आणा इकडे, तुमच्या दाढेचे नखरे पुरे झाले. आणि असा फुंकला की पलीकडून कचरा उडाला! हिचा दमच तसा आहे. मग तोंड पुसत म्हणाली, चव घाण आहे हो, आणि आतून कुणीतरी ओढल्यासारखं वाटलं. मी हसलो.

जेट बसवला. पहिल्याच सेल्फला इंजिनानं दोन उचक्या दिल्या. काकांनी डोळे पुसले.

८ मार्च

उचक्या देतं, थांबतं. दिवसभर सेल्फ मारून माझ्या नाकी नऊ आले. वर हिला खोकला लागलाय. पेट्रोलचा वास चढला असेल म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्यात. गुणगुणणं बंद आहे. इतके दिवस मीच म्हणायचो, जरा गप्प बस. आता खोली खायला उठते.

११ मार्च

इंजिन आज चाललं. काका गाडीत बसले होते, मी मागे सायलेन्सरपाशी. त्यातून जो आवाज येत होता तो साधा नव्हता. हिची चाल होती. तीच, त्याच जागी थांबणारी. आधी हसू आलं, मग अंगावर सर्रकन काटा आला. तेवढ्यात वर काहीतरी पडलं. धावलो. ही जमिनीवर, ओठ निळे, तोंड उघडं, आणि श्वास आत जात नव्हता. मी नुसताच ओरडत होतो. खाली इंजिन बंद पडलं, आणि त्याच क्षणी हिनं श्वास घेतला.

१२ मार्च

डॉक्टर म्हणतात फुफ्फुसं स्वच्छ आहेत. त्यांना काय डोंबल कळतंय! दवाखाना लांब आहे. जसजसे इथून दूर गेलो तसतशी ही जास्त तडफडली. परत फाटकात आलो तेव्हा कुठे जरा बरी. म्हणजे घेऊन पळताही येत नाही.

१३ मार्च

सेल्फला हात लावलेला नाही, तरी हिचा श्वास निम्माच. जेट काढून हिच्या तोंडाला लावला, म्हटलं ओढ, परत ओढून घे. काही झालं नाही. काळजीनं मला वेड लागलं असं वाटलं हिला. खरं सांगितलं नाही. भीतीनं आहे तोही श्वास अडकायचा.

काकांची गचांडी धरली. ते चिडले नाहीत. त्यांच्या बायकोनंही असाच जेट फुंकला होता. तिच्या श्वासावर गाडी पळत राहिली. ती संपली तशी गाडीही थांबली. दुसऱ्या कुणी फुंकलं की आधीच्याचा श्वास सुटतो, हे त्यांना ठाऊक होतं. मग तुम्ही का नाही फुंकलात, असं मी ओरडून विचारलं. भीती वाटली, म्हणाले. आणि वर म्हणतात, इंजिन चालू असलं की घरात कुणीतरी आहे असं वाटतं हो मिस्त्री.

१४ मार्च

उठवत नाही हिला. खुणेनं सांगते, खोली सोडू नका, छान आहे. या खोलीपायी मी — आणि जेट मीच नेला वर, माझ्या हातानं. दाढ गेली खड्ड्यात. आत्ताच फुंकतो. मग सेल्फ मारायचाच नाही कधी. बॅटरीची तार तोडून टाकतो.

फुंकला. ओढ आहे — खरंच आहे आत. वर अजून धापच, बसवल्याशिवाय सुटत नसेल. बसवला.

वर गुणगुणतेय! माझी बायको गुणगुणतेय! जिवात जीव आला. आता तार —

पक्कड कुठे — काका गाडीत. किल्ली त्यांच्या —

चालू झालं. सलग. फरशीवर पडलोय. तारेपर्यंत हात नाही पोचत. वही खिशात होती. हाक मारता येत नाही —

जिना वाजतोय. पळत आली. बरी आहे, गाल लाल. टाळ्या वाजवतेय. अहो झालं की हो, म्हणते. रडताय काय वेड्यासारखे, म्हणते. तिला वाटतंय आनंदानं —

काका तिला म्हणतात, ये, बैस, जरा ॲक्सिलरेटर पायानं दाब, मजा बघ. बसतेय —

वही दाखवतो — हात उचलत — इकडे बघ ना — नको दाबू गं — नको दा