थंड घरांचा अहवाल

तीर्थरूप आत्या,

तुला साष्टांग नमस्कार. (नुसतं लिहायचं म्हणून नाही. सध्या घरात फरशीवर आडवं पडणं एवढं एकच सुख उरलंय, तेव्हा पडल्या पडल्या नमस्कारही होऊन जातो.) तुझी पाठ कशी आहे? आतोबांचे गुडघे? त्यांना म्हणावं, पेपर आणायला एकदाच खाली उतरायचं. आधी हेडलाइन बघायला आणि मग विकत घ्यायला असं दोनदा नाही. फोन असताना पत्र कशाला, असं आई विचारत होती. पण फोनवर तू मला मध्येच तोडून जेवलीस का विचारतेस, आणि समोर आले तर सरळ ताटच वाढतेस, मग मुद्दा राहून जातो. या पत्रात मुद्दा आहे. जरा लांबून येतोय, एवढंच.

मी काय काम करते ते तू चारचौघींना ‘पाऊस कधी पडणार ते सांगते’ असं सांगतेस, आणि पाऊस पडला नाही की चारचौघी माझ्याकडे रागाने बघतात. तर पुन्हा एकदा सांगते. हवामान बदलतंय, उन्हाळे कडक होताहेत, अशा वेळी सरकारने काय करावं हे ठरवायला जो अभ्यास लागतो, तो आमचं कार्यालय करतं. यंदाचा विषय होता पत्र्याची छपरं. ऊन परतवणारा पांढरा रंग वरून आणि उष्णता अडवणारा थर खालून, असं सगळं सरकारी खर्चाने करून द्यावं का? खर्च मंजूर करणाऱ्या समितीचं म्हणणं असं की घरं आतून किती तापतात ते आधी दाखवा. यात गैर काही नाही. (एका शाळेच्या छपराला रंग लावून बघितला होता. तिथली पोरं आता दुपारीसुद्धा जागी असतात, अशी मास्तरांची तक्रार आहे.) म्हणून आम्ही काडेपेटीएवढी तापमान मोजायची यंत्रं पत्र्याच्या घरांत नेऊन दिली आणि सांगितलं, घरात ठेवा आणि विसरून जा.

सरकारी वस्तू घरात आली आणि माणसं ती विसरली, असं कधी झालंय का? उन्हाळा अर्ध्यावर आला तेव्हा आम्ही आकडे उतरवून घेतले आणि आमचे साहेब खुर्चीतून उठूनच उभे राहिले. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि पत्र्याखालची घरं मात्र मस्त गार. एक घर तर इतकं गार, की तिथे दूध आठवडाभर नासलं नसतं. माझा एक सहकारी आहे, त्याला आम्ही ‘तथापि’ म्हणतो. (त्याचं एकही वाक्य त्याशिवाय पुरं होत नाही. लग्नाला होकारही त्याने तथापि लावूनच दिला, असं त्याची बायको सांगते.) त्याने त्या एका घरावर चार पानं लिहिली, त्यात भिंतींची जाडी आली, वाऱ्याची दिशा आली, मागच्या अंगणातलं झाडसुद्धा आलं. अहवालाचं तात्पर्य निघालं की पत्र्याखाली लोक सुखात आहेत, सरकारने खर्चाच्या भानगडीत पडू नये.

माझ्या काही ते गळी उतरेना. पिशवी खांद्याला लावली आणि घरोघर हिंडले. चार पानांच्या घरामागे झाडबिड काही नव्हतं, अंगणही नव्हतं. बाईंनी मला आदराने आत नेलं आणि यंत्र दाखवलं. ते फ्रिजमध्ये होतं, भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीशेजारी. (इन्शुलिन तिथे ठेवतात तर यंत्र का नको, हा त्यांचा सवाल.) गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या शिंप्याने ते ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या पिंपामागे जपलं होतं, कारण उन्हाने बिघडलं तर सरकार त्यालाच धरणार. एका घरात एकच पंखा, आणि त्याखाली आजारी म्हातारे सासरे. त्यांनी स्वतः खाट बाजूला घ्यायला लावली आणि पंख्याखालची जागा यंत्राला दिली. पाहुणा आहे, म्हणाले, परक्या घरी आलाय. आत्या, मला हसू आवरेना आणि पाच मिनिटांनी रडूही आवरेना. प्रत्येकाने घरातली एकुलती एक गार जागा त्या डबीला दिली होती आणि स्वतः उकाड्यात बसले होते. चूक आमची. यंत्र दिलं, पण ते कशासाठी हे धडपणे सांगितलंच नाही.

साहेब माणूस सरळ. ऐकून त्यांनी थोडा वेळ डोकं धरलं आणि अहवाल मागे घेतला. तथापिने आपली चार पानं माझ्यासमोर फाडली, तथापि एक झेरॉक्स ठेवून घेतली. मग आली समितीची बैठक. आमच्या बैठकीच्या खोलीतल्या एसीचा रिमोट हरवलाय (तो शोधायला वेगळी समिती नेमली आहे), त्यामुळे उन्हाळ्यावरची चर्चा हिवाळ्यात बसूनच होते. सचिवबाई शाल घेऊन, अर्थखात्याचे गृहस्थ कानाला मफलर लावून. मी उभी राहिले आणि सांगू लागले की घरं भयंकर तापतात, आणि सांगताना माझे दात वाजत होते. बाई शांतपणे म्हणाल्या, आधीचे आकडे चुकीचे, नवे अजून नाहीत, मग पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणजे यंदाचा उरलेला उन्हाळा आणि पुढचा पूर्ण, त्याच पत्र्याखाली. माझ्या तोंडून निघून गेलं, की यंत्रं मी उद्याच नीट लावते, पण तुम्ही स्वतः त्या गल्लीतल्या एका घरात दुपारी तासभर बसून बघा. साहेबांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी शाल सारखी केली आणि विचारलं, “गुरुवार चालेल?” त्यांना पटलं तर रंगाचं काम पावसाआधीच सुरू होईल, मोजणी बरोबरीने चालेल. मी तेव्हापासून जमिनीच्या दोन बोटं वर चालते आहे.

बाकी इकडे सगळं ठीक. आतोबांना नमस्कार, आणि तुम्ही दोघं तब्येतीला जपा.

तुझी भाची

ता. क. बाई गुरुवारी बसणार ते घर तुझं आहे. नात्यातलं घर निवडल्याचं मी लेखी कळवलंय, बाईंची हरकत नाही. आठ माणसं बसतील एवढी खोली त्या गल्लीत फक्त तुझ्याकडे आहे, असं मी समितीला सांगितलं.

आणखी ता. क. कृपा करून काही तयारी करू नकोस. शेजारणीचा कूलर मागून आणू नकोस, खिडक्यांना ओल्या चादरी लावू नकोस. पंखा रोज असतो तेवढाच असू दे. आतोबा दुपारी शर्ट काढून जिन्यात बसतात, तर तिथेच बसू देत. सरबत करायचंच असेल तर ते लोक निघताना दे.

शेवटचा ता. क. खोलीचं कारण समितीपुरतं. मागच्या उन्हाळ्यात तू गॅसपाशी कोसळलीस आणि डॉक्टरांना सांगितलंस, पाय घसरला. फरशी मीच सकाळी पुसली होती आत्या, तोवर ती कोरडी होती. त्या दिवसापासून मी या छपरांच्या मागे लागले आहे. गुरुवारी बाई तुला विचारतील, उकडतं का हो? तू हसून म्हणशील, छे, आम्हाला सवय आहे. तू तेवढं म्हणालीस की समिती समाधानाने उठून जाईल आणि अख्खी गल्ली पुन्हा पत्र्याखाली. तू आयुष्यात कधी कशाची तक्रार केली नाहीस, हे मला माहीत आहे. गुरुवारी एकदाच कर. सगळ्यांसमोर म्हण, ‘फार उकडतं, आता सहन होत नाही.’